घरून ड्यूटी

१० नोव्हेंबर, सोमवार

आज शेखर पुन्हा खाली गेले.

मी कणीक मळत होते, आरोही तिच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. दाराची कडी कधी निघाली कळलंच नाही. गॅलरीत येऊन बघते तर चौकाच्या मधोमध उभे! पायात घरातल्या सपाता, एक हात वर, एक आडवा. पाठ ताठ. बाकी सगळं विसरले, पण पाठीला ट्रॅफिकची ड्यूटी अजून आठवते.

आणि गाड्या थांबल्या होत्या. तेच तर वाईट. पांढरा शर्ट आणि वर केलेला हात दिसला की लोक ब्रेक दाबतात. एखादा नाही दाबणार तेव्हा काय? मी जिन्यापर्यंतसुद्धा पोचले नाही.

आरोही हेडफोन गळ्यात तसाच ठेवून धावली. "बाबा, रिलीव्हर आलाय. चला." हे वाक्य तिनं शोधून काढलंय. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा हवालदार, आला म्हटलं की मुकाट्यानं निघतात. वर आले तेव्हा ओठ निळे पडलेले. खोकल्याची उबळ थांबेना. श्वासाचा पंप दिला, पाठ चोळली.

त्यांच्या खांद्यावर माझा मरून रंगाचा स्वेटर होता. दारामागच्या खुंटीवर असतो तो, शाळेत शिकवायला जाताना घालायचे मी. स्वतःचा समजून घेतला असणार. बायकांचा स्वेटर घेऊन भर चौकात! धुळीनं माखला होता. धुऊन वाळत घातला.

रात्री निजताना मला म्हणाले, "बाई, उशीर झाला. तुमच्या घरी वाट बघत असतील."

"मी ललिता आहे," म्हटलं.

जरा वेळ पाहिलं माझ्याकडे. मग अगदी समजुतीनं म्हणाले, "नाही हो. ललिता एवढी म्हातारी नाही."

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे नेलं. छातीचा फोटो डॉक्टरांनी उजेडाला धरून पुन्हा पुन्हा पाहिला. आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही, हे मी दोनदा सांगितलं — जसं काही त्यांनी आरोपच केला होता. ते म्हणाले, काकू, चौकात उभं राहून दुसऱ्यांचा धूर प्यायलेत ते. आता एकच औषध. धूर-धुळीपासून लांब ठेवा. सकाळ-संध्याकाळ तर अजिबात बाहेर नको.

आणि आमचं घर चौकावर!

हौसेनं घेतलं होतं. खाली शेखरचा ट्रॅफिकचा पॉइंट, समोर माझी शाळा. दोघांची ड्यूटी खिडकीतून दिसायची. लोक विचारायचे, एवढ्या गोंगाटात कसं राहता? मला वाटायचं, गोंगाट कुठला — त्यात एक शिट्टी माझ्या ओळखीची आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज रस्ता जरा शांत. ते दुपारभर झोपले. मी बाजूला बसून जुनं काय काय आठवत बसले.

देवळाली कॅम्पची मुलगी मी. लहानपणी मिलिटरीच्या ट्रकांची रांग जायची, मी भिंतीला चिकटून उभी. ती भीती गेलीच नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी इंग्रजी शिकवलं, टाके घालायला शिकवलं, जेवणाआधी डोळे मिटायला शिकवलं — रस्ता ओलांडायला कुणी शिकवलं नाही. नोकरी लागली ती नेमकी या चौकावरच्या शाळेत. पहिल्याच आठवड्यात फाटकाशी उभी राहिले, राहिले, तीन बस गेल्या तरी पाऊल टाकवेना. घोटीकडच्या एका सावळ्या हवालदारानं ते पाहिलं. हात वर केला. अख्खा मुंबई-आग्रा रोड थांबला — एका टीचरसाठी! मागे पोरी खिदळतायत, माझे कान लाल.

माझे बाबा म्हणाले होते, कॉन्व्हेंटमध्ये घातली ती हवालदाराच्या घरी जायला का?

हो, त्यासाठीच.

१९ नोव्हेंबर

खाली गेले. संध्याकाळीच. आरोहीनं आणलं.

२३ नोव्हेंबर

हॉर्न. हॉर्न. हॉर्न. सिंहस्थासाठी रस्ते खणलेत, अर्ध्या रस्त्यावर खडी, उरलेल्या अर्ध्यावर सगळं शहर. तुळशीची पानं मातकट झालीत. सकाळी पुसते, दुपारी पुन्हा तशीच.

आरोही म्हणते, हॉर्न ऐकून बाबांना वाटतं पॉइंट उघडा पडलाय, म्हणून ते जातात. खरं असेल. जातात ते बहुतेक संध्याकाळीच, चौक तुंबतो तेव्हा. वर्गात गोंगाट झाला की मी नुसतं "फिंगर ऑन लिप्स" म्हणायचे. चाळीस बोटं चाळीस ओठांवर. या शहराला कोण म्हणणार?

ते वर्ष आठवतं, सगळं बंद झालं तेव्हाचं. लोक मरत होते, दिवस वाईटच. पण एक सांगते, इथंच सांगते — माझ्या घरात तेव्हा सुख होतं. आरोही पुण्याहून पंधरा दिवसांसाठी दोन बॅगा घेऊन आली ती राहिलीच. बिल्डिंगमधली सगळी पोरं घरी. ज्याच्या त्याच्या दारामागून कीबोर्डचा आवाज. आम्ही दोघं गॅलरीत चहा घेऊन बसायचो. खाली चौकात मधोमध कुत्रं झोपलेलं आणि पलीकडे पांडवलेण्यांचा डोंगर असा लख्ख, की हात लावावा! शेखर म्हणायचे, "ललिता, माझ्या डिपार्टमेंटला कुलूप लागलं." नाव घ्यायचे तेव्हा. विसरायला लागले होते थोडं थोडं, पण कुठं जायचे नाहीत. खोकलाही नव्हता.

सगळं उघडल्यावरही बरीच वर्षं ठीक होतं. निम्मी पोरं घरूनच काम करत होती. वरच्या मजल्यावरचा योगेश आधी आठवड्यातून एकदा अंबडला ऑफिसात जायला लागला, मग तीनदा, आता रोज. मोठ्या गाडीत एकटा. आरोही त्याला परवा जिन्यात म्हणाली, "अरे, तिथं जाऊनसुद्धा हेडफोन घालून लॅपटॉपशीच बोलतोस ना? मग इथं काय काटे टोचत होते?" तो म्हणाला, "ताई, साहेबाला रिकाम्या खुर्च्या बघवत नाहीत."

२७ नोव्हेंबर

आरोहीच्या कंपनीचा मेल आला. पाच जानेवारीपासून सगळ्यांनी पुण्याला ऑफिसात हजर व्हायचं. रोज. तिनं मला वाचून दाखवला नाही, पण जेवताना भात नुसता चिवडत होती. मग मीच विचारलं.

तिनं अर्ज केलाय. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंय. वडिलांना सांभाळायला दुसरं कुणी नाही, आजवर घरून केलेल्या कामात कधी चूक निघालेली नाही, असं लिहिलंय.

मी गुडघे धरून एक जिना उतरेपर्यंत शेखर चौकात पोचलेले असतात. ती गेली तर त्यांना आणणार कोण?

२८ नोव्हेंबर

देवासमोर डोळे मिटले तर मराठी सुचेना. शाळेतली प्रार्थना पुटपुटले. ज्याला ऐकायची त्यानं ऐकावी.

३ डिसेंबर

आज खूप दिवसांनी हसले!

संध्याकाळी शेखर बूट शोधायला लागले. आरोहीनं लॅपटॉप मिटला, समोर येऊन सावधानमध्ये उभी राहिली. म्हणाली, "साहेबांचा निरोप आहे. उद्यापासून तुम्हाला वर्क फ्रॉम होम."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ड्यूटी घरून करायची. मी नाही का करत?"

"ट्रॅफिकची?"

"ट्रॅफिकचीच. गॅलरीतून. वरून सगळ्या बाजू दिसतात, साहेब म्हणाले."

त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "पगार?"

"तोच."

"मग चालेल. शिट्टी द्या."

कपाटातून त्यांची जुनी शिट्टी काढून दिली. गॅलरीत खुर्ची टाकली. हात वर, हात आडवा! खाली मल्हारी होता — आता या पॉइंटवर असतो तो पोलीस. बागलाणकडचा पोरगा. आरोहीनं त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. त्यानं वर बघून कडक सॅल्यूट ठोकला. शेखरनी मान डोलावली, अगदी पूर्वीसारखी.

८ डिसेंबर

सकाळ-संध्याकाळ गॅलरीत ड्यूटी. एकदाही खाली गेले नाहीत. आरोही निवांत काम करते, मी निवांत स्वयंपाक.

संध्याकाळी मात्र जरा अस्वस्थ होतात. शाळेच्या फाटकाकडे सारखा हात करतात, मल्हारीवर ओरडतात, "ती बाजू धर! ती बाजू!" तिकडे रिक्षांची गर्दी असते म्हणून असेल.

आरोहीच्या अर्जाला उत्तर नाही.

१६ डिसेंबर

मूर्ख आहे मी. म्हातारी, शिकलेली मूर्ख.

रात्रीत श्वास इतका लागला की सकाळी उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर जात होते का? मी अभिमानानं म्हटलं, छे, पाऊल नाही टाकलं, गॅलरीतच बसतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काकू, गॅलरी कुठं आहे? चौकावर. कधी बसतात? सकाळ-संध्याकाळ.

मी सांगता सांगताच थांबले.

खाली जाऊ नयेत म्हणून रोज गर्दीच्या वेळी, सगळा धूर वर येतो तिथं, आम्हीच नेऊन बसवलं त्यांना. वर शिट्टी फुंकायला दिली! घरी येऊन गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवलं. काळं. आरोही मुसमुसत होती. तिच्या फोनवर हवेचा आकडा लाल दिसतो, रोज बघते ती, बाहेर निघताना मला मास्क लावायला सांगते. बाबांच्या खुर्चीशी त्या आकड्याचा संबंध तिच्याही डोक्यात आला नाही. हसत होते ना ते. हसताना दिसले की माणूस दुसरं काही बघत नाही.

गॅलरीचं दार बंद. फटीत ओलं फडकं.

१९ डिसेंबर

आरोहीनं नवीन ड्यूटी काढली. त्या बंदच्या दिवसांत तिनं गॅलरीतून चौकाचा व्हिडिओ काढला होता, चांगला लांबलचक. तो मागच्या खोलीतल्या टीव्हीवर लावला. तेच कुत्रं, तोच डोंगर. कोकीळ ओरडतेय. एक माणूस सायकलवरून मधून जातो, दोन्ही हात सोडून.

शेखर पुढे सरकून बघत राहिले. "सगळे कुठं गेले?"

"घरून काम करतात, बाबा."

"सगळे?"

"सगळे."

"बरं झालं," म्हणाले. खूप वेळ बघत होते. हात मांडीवर. श्वास संथ. मला वाटलं, जमलं. हेच हवं होतं.

पण संध्याकाळ झाली तशी उठले. बूट घातले. उलटे घातले, तरी घातले. आरोही आडवी आली. म्हणाली, "बाबा, बघा ना, रस्ता मोकळा आहे. एक गाडी नाही. कशाला जाताय?"

ते तिच्यावर कधी चिडत नाहीत. आज चिडले. "मोकळा आहे म्हणून काय झालं?"

मी कडीवर कुलूप घातलं. किल्ली ब्लाऊजमध्ये.

बराच वेळ दाराशी उभे होते. स्वेटर हातात.

२४ डिसेंबर

शाळेत नाताळचा गोठा मांडलाय, तारे लावलेत. मुली समूहगीत बसवतायत, धुळीतूनही ऐकू येतं. बंद खिडकीशी उभी राहून मीही गुणगुणले. मागून शेखरचा आवाज, "छान म्हणता तुम्ही. आमच्या घरीपण म्हणतात."

मी वळले नाही. रडलेलं दिसलं असतं.

३० डिसेंबर

उत्तर आलं. "एका व्यक्तीसाठी धोरण बदलता येणार नाही." खाली काळजी व्यक्त केलीय. शुभेच्छाही दिल्यात.

आरोही म्हणाली, सोडते नोकरी. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, आई, भावनेच्या भरात बोलू नकोस. मी म्हटलं, भावनेच्या भरात असते तर तुला ठेवूनच घेतलं असतं. मी गेल्यावर तुझ्याजवळ तुझं काम असलं पाहिजे. कुलूप आहे, किल्ली आहे, मी आहे. जा तू.

एवढं धीटपणे बोलले. मग मोरीत जाऊन नळ सोडला.

४ जानेवारी

आरोही गेली. खालून गाडीत बसताना वर बघत होती. बंद काचेतून मी हात हलवला. दिसला नसेल.

शेखर म्हणाले, "ती पोरगी चांगली होती. बदली झाली का?"

"हो," म्हटलं.

९ जानेवारी

गिरणीवाल्याकडून दळण आलं. डबा आत ठेवला, खुर्चीत जरा टेकले. डोळा लागला. कुलूप लावायचं राहिलं.

जाग आली ती दार वाजल्यानं. मल्हारी. शेखर त्याच्या खांद्यावर. "काकू, घाबरू नका. काही लागलं नाय त्यांना. पण श्वास लय चढलाय." चौकात आज खडीचे डंपर. मल्हारी दुसऱ्या बाजूला गुंतला होता, त्याला दिसेपर्यंत शेखर शाळेच्या फाटकाशी बराच वेळ उभे होते. त्या सगळ्या धुरळ्यात.

त्यानंच गाडी थांबवून दवाखान्यात पोचवलं. स्वेटर कुठं पडला कुणास ठाऊक. जाऊ दे.

१२ जानेवारी

आयसीयू. आत फक्त सकाळी आणि संध्याकाळी सोडतात.

आरोही आली आहे. बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसते. सगळी कामं होतात तिची तिथून, मीटिंगसुद्धा. दवाखान्याच्या बाकावरून चालतं, घरून चालत नव्हतं.

शेखरना नळी लावलीय, बोलता येत नाही. मी हात धरला. बोटांनी माझ्या तळव्यावर हळूच ढकलल्यासारखं केलं. जा, जा, पुढे चल. गाड्या सोडताना करतात ना, तसं.

१५ जानेवारी

शेखर गेले. दुपारी. मी हात धरलेला होता.

३० जानेवारी

माणसं येऊन गेली. घोटीहून दीर-जावा, शाळेतल्या टीचर्स. सगळे म्हणतात, सुटले बिचारे. मान हलवते.

आरोहीला कंपनीनं कळवलंय — विशेष बाब म्हणून तीन महिने घरून काम करता येईल. आता! तिनं वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. मी म्हटलं, तू पुण्यालाच जा. ती म्हणाली, तुझ्यासाठी राहते. मी म्हटलं, मी कुठं पळून जातेय? मला कडी लागत नाही.

चौक तुंबलाय. दार उघडून गॅलरीत बसले. येऊ दे धूर.

३ फेब्रुवारी

मल्हारी आला होता. टोपी काखेत, हातात पिशवी. पाणी दिलं. त्यानं ते संपवलं. मग पिशवीतून माझा स्वेटर काढला. घडी घातलेला, धुतलेला. म्हणाला, "काकू, हा आमच्या बूथमध्ये राहिला व्हता. काकांनी त्या दिवशी माझ्याकडं ठेवायला दिला."

मी म्हटलं, स्वतःचा समजायचे ते हा.

"नाय काकू, तुमचाच म्हणायचे. दरवेळचंच व्हतं त्यांचं. आलं की पहिलं तेच सांगायचे — आता शाळा सुटंल. ललिता स्वेटर इसरून गेलीया, गारठा लय हाय. तिला रस्त्याची भीती वाटती, मी हात केल्याबिगर ती पाऊल टाकत नाय. गाड्या धरून ठेव, ती आली का मी घरी घेऊन जातो." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल."

रोज संध्याकाळी मलाच आणायला निघायचे, शेखर. आणि मी घरातच होते. आतून कुलूप लावून.